गुडघाभर पाणी

नेवासा,
रविवार, १७ ऑगस्ट

श्री. अजिनाथराव यांस,

शामकांतचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलं असेल तर पत्र न फोडताच फडताळात गेलं असेल. फोडलंच असेल तर एवढं वाचा, मग काय करायचं ते करा. तुमचा शेवगावचा पत्ता श्रीमंतने दिला. आपला विद्यार्थी श्रीमंत, एकोणनव्वदच्या दहावीचा, तास चालू असताना खिडकीतून हात घालून पेरू तोडणारा. त्याचा आता छापखाना आहे, टक्कल आहे, आणि भेटला की तो मलाच विचारतो, "सर, औषधं वेळेवर घेता ना?"

मनकर्णावहिनींना माझा नमस्कार. आमची ही गेल्याला सहा वर्षं झाली, ते कानावर आलं असेलच. माझं बरं चाललं आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, साखर हद्दीत आहे, दात मोजके आहेत. मुलगा आणि सून कामावर गेली की घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. दुपारी जुनी क्रमिक पुस्तकं काढून बसतो. पाचवीचं, सातवीचं. कवितेचं पान उघडलं की पुढ्यात साठ पोरं दिसतात, चालीवर डोलणारी, आणि खिडकीबाहेर पटांगणात पर्जन्यमापकावर वाकलेले तुम्ही. मग प्रार्थनेच्या आधी फळ्यावर तुमचं ते ठसठशीत अक्षर, "कालचा पाऊस, अमुक मिलिमीटर". कोरडा दिवस असला तरी तुम्ही शून्य लिहायचेत. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही.

लिहायचं कारण असं, की मी प्रवरेच्या काठाने चालत जायचं ठरवलं आहे. दसरा झाला की चार ऑक्टोबरला प्रवरासंगमाहून निघायचं आणि नदीला उलटं चालत नेवासं, बेलापूर, कोल्हार, संगमनेर, अकोले, राजूर करत रतनवाडीला, अगदी उगमापर्यंत. दोनशे किलोमीटर तरी भरतील. रोजचे पंधरा. शहाऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघं निघालो होतो तीच वाट. त्या वेळी मुतखेलच्या पुढच्या ओढ्यावरून परतावं लागलं. हवामानाने साथ दिली नाही.

घरात अर्थातच विरोध झाला. सून अंबिका म्हणाली, "बाबा, अंगणात चाला की. अंगण काय लहान आहे?" नात स्नेहल नगरला फिजिओथेरपी शिकते. तिने मला खाटेवर आडवं केलं, गुडघे वाकवले, सोडले, पुन्हा वाकवले आणि म्हणाली, "इंजिन जुनं आहे, पण चालू आहे. तयारी मात्र मी सांगेन तशीच करायची, आजोबा. कविता म्हणत निघालात तर मी पोलिसात देईन."

तेव्हापासून रोज उजाडल्यावर चालतो. अंधारात नाही, उसातून बिबट्या निघतो, तुमच्याकडेही असेल. पाठीवर पिशवी, पिशवीत पाच किलो बाजरी, नेवासा फाट्यापर्यंत जायचं आणि यायचं. ती बाजरी इतक्यांदा फाट्याला जाऊन आली आहे की अंबिका म्हणते, आता हिची भाकरी केली तर ताटातून उठून चालायला लागेल.

अंतराची मला भीती नाही. घोर आहे तो हवेचा. गेल्या मंगळवारी ढग पाहून रेनकोट चढवून निघालो. अर्ध्या वाटेत लख्ख ऊन. काढायचा आळस केला. घरी आलो तो वरून कोरडा आणि आतून चिंब. स्नेहल फोनवर ओरडली, "घामाने भिजा नाहीतर पावसाने, गारठ्याला दोन्ही सारखंच! ऊन आलं की काढायचा, ढग आले की घालायचा. दिवसात दहा वेळा. कंटाळा येत असेल तर घरी बसा." गुरुवारी उलटं झालं. ऊन पाहून रेनकोट घरी ठेवला आणि फाट्यावर आभाळ फुटलं. काळ्या मातीने बुटांना असं धरलं की एकेका पायात दोन-दोन किलो चिखल घेऊन घरी आलो. आणि हे तर एकट्या नेवाशातलं. पुढे कोल्हारला ऊन, संगमनेरला ढग, राजूरच्या वर धुकं. पंधरवड्यात तीन ऋतू पाठीवर वाहायचे म्हणजे पिशवीत काय घालायचं आणि काय काढायचं?

फोनमधलं हवामान स्नेहल दाखवते. फोन म्हणतो, पाऊस चाळीस टक्के. चाळीस टक्क्यांचं मी काय करू? टोपी घालू की रेनकोट? तू कधी टक्के सांगितले नाहीस. पटांगणात उभा राहून वर बघायचास आणि म्हणायचास, "चारच्या आत पोरं घरी सोडा." चारला पाऊस यायचा.

(बघा, लिहिता लिहिता अरे-तुरे झालं. खोडत नाही.)

तर परतीच्या पावसाचं चार शब्दांत कळवलंत तर उपकार होतील. शाळेचा अमृतमहोत्सव अठ्ठावीस सप्टेंबरला आहे. निमंत्रण येईल. त्याविषयी आज लिहीत नाही.

बरोबर चला, असं म्हणायचा मला हक्क उरलेला नाही. म्हटलं आहे असं समजावं.

आपला,
शामकांत

ता. क. लिहायचं नसेल तर स्नेहलचा नंबर पाठीमागे दिला आहे. तिला पावसाचं तेवढं सांगितलं तरी चालेल.


नेवासा,
रविवार, ७ सप्टेंबर

प्रिय अजिनाथ,

तुझा आवाज पोहोचला.

स्नेहल गुरुवारी घरी आली ती चपला न काढताच म्हणाली, "आजोबा, कुणी गर्जे म्हणून आहेत. दोन मिनिटं चाळीस सेकंद बोललेत." फोन टेबलावर ठेवला. मी खुर्चीतून उठून का उभा राहिलो कोण जाणे. छत्तीस वर्षांनी आधी ऐकू आलं ते तुझं खाकरणं. अख्खा वर्ग गप्प करायचं तेच. मग मी वही घेतली आणि श्रुतलेखन घ्यावं तसं उतरवून काढलं. पुन्हा पुन्हा फोन मागायची लाज वाटते म्हणून.

"शामराव, पत्र पोचलं. मशीनमधी बोलतोय, लिव्हायला आता हात कापतो. हवामानाचं इचारलंस त्येवढंच सांगतो. परतीचा पाऊस दुपारी तीननंतर धरतो. सकाळी सहा ते बारा चालायचं, मंग पडी टाकायची. उगवतीकडनं काळं ढग वर चढाय लागलं आन वारा एकदम पडला, की समजायचं, अर्धा तास हाय हातात. इजा चमकाया लागल्या तर झाडाखाली हुबं ऱ्हायचं न्हाई, गावातलं देऊळ न्हाईतर शाळा गाठायची. छत्री घिऊ नगंस. घाटातला वारा ती उलटी करून हातात देतो. राजूरच्या म्होरं अंगात लोकरीचं पायजे, भिजलं तरी ऊब धरतंय. आन एक कोरडा जोड... ते तुला म्या सांगाया पायजे असं न्हाई."

इथे मागून वहिनींचा आवाज येतो. "कुनाशी बोलताय वं येवढं?"

"कुनाशी न्हाई. हवामान सांगतोय."

"रेडिओवर का काय?"

"व्हय, रेडिओवर. तू चहा ठिव." मग पुन्हा तू मशीनजवळ येतोस. "आन शामराव, त्या ओढ्यावर आता पूल हाय. मागच्या साली नातवाच्या जीपमधी गेल्तो तिकडं. शेरडं बी जात्यात पुलावरनं. त्यो वलांडायला आता काय लागत न्हाई. मी म्होरं गेलो न्हाई. पुलावर जरा हुबा ऱ्हायलो आन माघारी आलो. मी काय येत न्हाई. जपून जा."

एवढंच.

पूल. अजिनाथ, मी गेले चार महिने रोज रात्री डोळे मिटले की तो ओढा ओलांडत होतो. काठी कुठे टेकायची, कुठला पाय आधी, सगळं ठरलं होतं. स्नेहलने फोनमध्ये फोटो शोधून दाखवला. सिमेंटचा पूल, कठड्याला पिवळे-काळे पट्टे, आणि कठड्यावर कुणाचंतरी धोतर वाळत घातलेलं. मी हसलो. मग दोन दिवस चालायला गेलो नाही. पिशवीतली बाजरी तशीच कोपऱ्यात. आज तिसऱ्या दिवशी मात्र उठलो, पिशवी उचलली आणि फाट्याच्याही पुढे कोसभर जाऊन आलो. जायचं तर आहेच.

कोरड्या जोडाचं तू अर्ध्यावर सोडलंस. ते मी पुरं करतो.

तू निघायच्या आधी एक गाठोडं बांधलं होतंस. दोन सदरे, दोन धोतरं, काड्यापेटी, गूळ-शेंगदाणे. खताच्या गोणीच्या आतलं प्लास्टिक धुऊन, उन्हात वाळवून त्यात ते दोनदा गुंडाळलंस, सुतळीने करकचून बांधलंस आणि माझ्या पिशवीत घातलंस. "हे उगमापर्यंत सोडायचं न्हाई. बाकी सगळं भिजलं तरी चालतंय." तुझ्या पाठीवर भांडी आणि शिधा होता, म्हणून हे माझ्याकडे.

राजूरच्या शाळेच्या ओसरीत तू पाणी आणायला गेलास तेव्हा मी ते सोडलं. माझी कवितांची वही होती ना, शाळेतल्या सगळ्या इयत्तांच्या कविता हाताने उतरवलेली, आणि शेवटी माझ्या स्वतःच्या सतरा. आभाळ भरून आलं होतं. मी प्लास्टिक काढलं आणि वहीला गुंडाळलं. गाठोड्याला माझं उपरणं. वरून सुतळी जशीच्या तशी.

मुतखेलला त्या गोठ्यात आपण शिरलो तेव्हा अंगावर कोरडा धागा नव्हता. तू हसत म्हणालास, "आता गाठोडं काढ." सोडलंस तर आतून पाण्याची धार लागली. काड्यापेटी लगदा झालेली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "प्लास्टिक वाटेत कुठेतरी फाटून पडलं असेल." तू माझ्या पिशवीत हात घालून पाहू शकला असतास. पाहिलं नाहीस. त्या रात्री तुझं अंग भट्टीसारखं तापलं होतं.

वही अजून आहे. एक अक्षर फुटलेलं नाही.

आता अमृतमहोत्सवाचं. श्रीमंत स्मरणिकेचं पाहतो. तो मागच्या आठवड्यात आला. "सर, ती कविता छापायचीच. आणि स्टेजवर तुमच्या तोंडून. सगळ्या बॅच येतायत, पुण्याहून येतायत, फक्त त्या कवितेसाठी." आपल्या सफरीवरची, शाळेच्या भित्तिपत्रकात मी लिहिलेली. कुठली ते तुला सांगायला नको.

मी हो म्हटलं.

खरं सांगतो, आनंद झाला. या वयात कुणी "कविता म्हणा" म्हणत नाही रे. जेवताना स्नेहलला म्हणून दाखवली. ती खूप हसली. मग घास हातात धरून म्हणाली, "गर्जे सर म्हणजे हेच ना, हवामानवाले? ते खरंच इतके घाबरले होते?"

मी म्हटलं, "जुनी गोष्ट आहे. आमटी वाढ."

तिने वाढली. पण माझ्याकडे बघत राहिली. पुढचं मी लिहिणार आहे, फक्त आज हात उचलत नाही. लोकरीचा स्वेटर सापडला आहे. हिने विणलेला, कोपरावर कसर लागली आहे, अंबिका रफू करून देते म्हणाली.

तुझा (चालेल का?),
शामकांत


नेवासा,
शुक्रवार, ३ ऑक्टोबर

प्रिय अजिनाथ,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. अर्ध्या पत्राला कोण उत्तर देतो? आज पुरतं लिहितो.

गोठ्यातल्या त्या रात्रीनंतरची सकाळ. पाऊस थांबला होता, ढग डोंगरावरून खाली घरंगळत होते. तू घोंगडी पांघरलेला, डोळे लाल. मी म्हटलं, "जमेल का?" तू म्हणालास, "म्होरं रतनवाडी दिसतीया जणू." आणि आपण त्या ओढ्यावर आलो. तू घोंगडी डोक्याला गुंडाळून सरळ पाण्यात उतरलास, मधोमध उभा राहिलास आणि हात पुढे केलास. "ये शामराव. गुडघाभरच हाय."

ओढा खरोखरच गुडघाभर होता. कवितेत तेवढं एकच खरं आहे.

मी पाय घातला. पाण्याने तो ओढला. मी काढून घेतला. दुसऱ्यांदा घातलाच नाही. तू परत काठावर आलास, थरथरत होतास, आणि म्हणालास, "थांबू. तासाभरात उतरंल. न्हाई उतरलं तर उद्या जाऊ, कुठं घाई हाय?" मी पिशवी उचलली आणि मागे चालायला लागलो. मुतखेल येईपर्यंत वळून पाहिलं नाही. तू मागून येत होतास, अंगात एवढा ताप घेऊन. मी एकटा जाऊ नये म्हणून. शेंडीला एसटी मिळाली आणि तू संगमनेरच्या दवाखान्यात आठ दिवस पडून राहिलास.

शाळा उघडली तेव्हा तू अजून रजेवर. प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय, उगम पाहिलात?" मी म्हटलं, "गर्जे सरांना ताप आला, म्हणून परतलो." ते खोटं नव्हतं, म्हणून सहज बोललं गेलं. पोरं मागे लागली, सर गोष्ट सांगा. गोष्ट सांगायची तर कुणीतरी घाबरायला हवं होतं. दुपारच्या सुट्टीत भित्तिपत्रकासाठी बसल्या बैठकीला लिहून काढली. आठ कडवी. सगळ्यांच्या लक्षात राहिली ती ध्रुवपदाची ही दोन ओळींची जोडी.

ओढा आला गुडघाभर,
मागे फिरले गर्जे सर!

चालही मीच लावली. माझ्या चाली पोरांच्या तोंडी पटकन बसतात याचा मला अभिमान होता.

तू दवाखान्यातून आलास, पहिल्या सकाळी पर्जन्यमापकाकडे गेलास, आणि भिंतीआडून सातवी अ ने एका सुरात सुरुवात केली. मी स्टाफरूमच्या खिडकीत होतो. तू बाटलीतलं पाणी मापात ओतलंस, डोळ्याजवळ धरून वाचलंस, फळ्यावर आकडा लिहिलास. मग ते बाजारात गेलं, एसटी स्टँडवर गेलं, तू चहा प्यायला बसलास की मागच्या बाकावरून यायचं. तीन वर्षं. तू संस्थेकडे बदली मागितलीस तेव्हा अर्जात लिहिलंस, "शेतीकडे लक्ष देण्यासाठी". निरोप समारंभातसुद्धा पोरांनी ती म्हटली, प्रेमाने म्हटली, आणि मंचावर बसून मी टाळ्या वाजवल्या.

तू एकदा जरी तोंड उघडलं असतंस तरी माझं सगळं संपलं असतं. तू उघडलं नाहीस. मागच्या महिन्यापर्यंत मी समजत होतो की तू विसरलास, किंवा तुला तितकं लागलं नाही. मग तू त्या मशीनमध्ये सांगितलंस, पुलापर्यंत गेलो आणि पुढे गेलो नाही. तू विसरला नव्हतास.

आता झालं ते ऐक.

वीस सप्टेंबरला श्रीमंत स्मरणिका घेऊन आला. पाचशे प्रती, छापून, शिवून तयार. पान एकेचाळीसवर कविता, भोवती वेलबुट्टी. मी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, आता छापून झालंय. आणि गंमतच आहे हो ती. गर्जे सरांनी कुठं मनावर घेतलंय?"

मी म्हटलं, "श्रीमंत, पाचशे प्रती इथे ठेव. आणि मी लिहून देतो तेवढ्या चिठ्ठ्या छापून आण. पानाच्या मापाच्या."

"पाचशे चिठ्ठ्या चिकटवणार कोण?"

"ज्याने कविता लिहिली तो."

अंबिकाने मैद्याची खळ केली. चार संध्याकाळी ओसरीत बसलो. पहिल्या दिवशी मी एकटाच होतो. दुसऱ्या दिवशी अंबिका कामावरून आली, पदर खोचून समोर बसली आणि एवढंच बोलली, "बाबा, कोपरे नीट दाबा. नाहीतर लोक उचकटून वाचतील." शनिवारी स्नेहल आली. पन्नासेक प्रती झाल्यावर म्हणाली, "आजोबा, हे पंधरा किलोमीटरपेक्षा जड आहे." एक प्रत या पत्रासोबत पाठवली आहे. चिठ्ठीवर असं आहे :

"या पानावर माझी कविता होती. ती खोटी होती. १९८६ साली मुतखेलच्या पुढच्या ओढ्यावरून मी भिऊन मागे फिरलो. श्री. अजिनाथ गर्जे सर अंगात ताप असताना ओढ्यात उभे राहून मला हात देत होते. — शामकांत मुळे"

रविवारी कार्यक्रम झाला. तुझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली होती, रिकामी राहिली, बरंच झालं. दिवसभर ऊन-पावसाचा खेळ चालू होता, मांडव तीन ठिकाणी गळत होता. माझं नाव पुकारलं आणि मी माइकपाशी पोहोचायच्या आत मांडवातून सुरू झालं. पन्नाशीची माणसं, पोटं सुटलेली, बायका नातवंडं मांडीवर घेऊन, आणि तीच चाल, माझी. एकही सूर हललेला नाही.

मी म्हटलं, "मागे फिरलो तो मी."

केवढा हशा! टाळ्या. त्यांना वाटलं, सरांची जुनी गंमत. मी पुन्हा तेच म्हटलं. या वेळी हशा थोडा कमी. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा पुढची रांग गप्प झाली आणि मग मागची. मी सगळं सांगितलं. प्लास्टिक, वही, गाठोडं, तुझा हात, दवाखाना. चार-पाच मिनिटं लागली असतील. मांडवावर पाऊस वाजत होता. संपलं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही.

मग अगदी मागून एक आवाज आला. आपली कडूबाई, शाळेत पाणी भरायची ती. नव्वदीला टेकली आहे, भिंतीला धरून उभी होती. "मला ठावं हुतं," ती म्हणाली. "गर्जे मास्तर तसलं न्हवतंच." आणि खाली बसली.

मंचावरून उतरलो तर वाट मोकळी होत गेली. काहींनी पायाला हात लावला, काहींनी मान वळवली. दोन्ही चालेल. श्रीमंत घरापर्यंत माझ्या डोक्यावर छत्री धरून आला. दारात म्हणाला, "सर, आम्हीपण म्हटली ना ती. रोज."

"तुम्ही लहान होता."

"निरोप समारंभाला मी दहावीत होतो, सर. लहान कुठला?"

तो शेवगावला येईन म्हणत होता. आला तर दार उघड.

उद्या सकाळी सहाला मी संगमावरून निघतो. पिशवी साडेसहा किलो भरली. स्नेहलने तीनदा उपसली आणि तीनदा भरली. छत्री नाही. स्वेटर आहे. रेनकोट सगळ्यात वर, हात मागे नेला की सापडेल असा. दुपारी बारानंतर पाऊल टाकायचं नाही. फोन म्हणतो, आठवडाभर काहीही होऊ शकतं, आणि या वेळी मी त्याच्याशी सहमत आहे. बेलापूर, कोल्हार, संगमनेर, अकोले, सगळीकडे कुणी ना कुणी जुना विद्यार्थी मुक्कामाला बोलावतो आहे. रविवारचं ऐकूनही एकाने निमंत्रण मागे घेतलेलं नाही. शनिवार-रविवार स्नेहल स्कूटीवरून येऊन माझे तळवे तपासणार आहे.

सोळा तारखेला मुतखेलला पोहोचेन. तिथे शाळेची खोली द्यायला तिथले गुरुजी तयार आहेत.

तिथून पुढे मी एकटा जाणार नाही. पुलावर पाय ठेवणार नाही. तू येत नाही म्हणालास, ते मी नीट ऐकलं आहे. तुला बोलावत नाही, माफीही मागत नाही. ती पत्रात मागायची गोष्ट नव्हे. फक्त मी कुठे आहे ते तुला ठाऊक असावं. पाऊस आला, धुकं आलं, थंडी पडली तरी मागे येणार नाही. दिवाळी तिथेच झाली तर तिथे करीन. औषधं महिनाभराची घेतली आहेत.

काल पिशवीचे पट्टे आवळताना अंबिकाने विचारलं, "आणि बाबा, ते नाहीच आले तर?"

मी म्हटलं, "तर मी थांबलेला असेन."

सगळ्या गावाला आता ठाऊक झालेला,
तुझा
शामकांत